फ्लूची लस, माझी फुप्फुसं आणि आमचे साडू

“घ्या! आजून घ्या टोचून! दोन्ही दंडाला घ्या, मांडीला घ्या, आन् उरलीच तर कपाळाला लावा!”

हा आवाज आमच्या साडूंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. नाव बाळासाहेब, गाव हिंजवडीशेजारचं माण. ते चिंचवडच्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे होते आणि मी काचेपलीकडे पलंगावर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून पडलो होतो. तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. तिकडे हिंजवडीत आयटीवाल्यांच्या निदान दोन मीटिंगा या आवाजाने थांबल्या असणार.

झालं होतं असं. डॉक्टर मॅडमनी नुकताच माझा रिपोर्ट वाचला होता. “इन्फ्लुएंझा ए, पॉझिटिव्ह.” म्हणजे फ्लू. ज्याला आपण ‘जरा सर्दी-ताप आलाय’ म्हणतो आणि अंगावर काढतो, तोच. त्याच्या खाली आणखी एक शब्द होता, व्हायरल न्यूमोनिया. म्हणजे विषाणू नाका-घशात समाधान न मानता थेट फुप्फुसात उतरला. एक्स-रेत निरोगी फुप्फुस काळं दिसतं म्हणे. माझं खालच्या अंगाला पांढरं होतं, पावसाळ्यात गच्चीखालच्या भिंतीला ओल येते तसं.

यावर माझी बायको सुनंदा रडवेली होऊन बोलून गेली, “पण मॅडम, यांनी तर फ्लूची लस घेतली होती!”

ती हे बोलली आणि नेमके त्याच क्षणी बाळासाहेब जेवणाचा डबा घेऊन जिना चढून वर आले. त्यांनी तेवढं एकच वाक्य ऐकलं.

“लस घिऊन फ्लू झाला! मी म्हनत न्हवतो? वरीसभर म्हनत न्हवतो?”

“अहो काका, हे हॉस्पिटल आहे, ग्रामसभा नाही,” सिस्टर म्हणाल्या.

मग बाळासाहेब काचेपाशी आले. मी हात वर केला. हाताला सलाईन, बोटाला चिमटा, तोंडावर मास्क, छातीवर वायरींचं जाळं. आमच्या कंपनीतल्या प्रेस शॉपच्या कंट्रोल पॅनेलमध्येसुद्धा इतक्या वायरी नाहीत. बाळासाहेबांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. ते वळले आणि तरातरा जिना उतरून गेले.

डबा घेऊन गेले! द्यायला आणलेला डबा हातातच घेऊन माणूस परत गेला. बिचाऱ्या सुनंदाने त्या दिवशी बिस्किटांवर काढलं. न्यूमोनिया मी विसरेन, पण हा डबा विसरणार नाही, अशी मी मास्कच्या आत शपथ घेतली.

आता हे सगळं लिहितोय ते तुमच्यासाठी. म्हणजे ज्यांना फ्लूने आडवं पाडलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात ‘लस घ्यायची की नाही’ यावरून रोज जेवताना ताटं आपटली जातात त्यांच्यासाठी. आमच्या घरात वर्षभर आपटली गेली.

भांडणाचं मूळ आमच्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणतो. सत्तरी ओलांडली, दमा आहे, शुगर आहे. त्यांना मुलगा नाही. थोरली मुलगी माणला बाळासाहेबांकडे, धाकटी पिंपळे गुरवला माझ्याकडे. त्या माणलाच राहतात. बाळासाहेबांच्या घराला लागून त्यांची खोली, भिंत एकच. गेल्या हिवाळ्यात साध्या सर्दीने त्यांची छाती अशी भरली की, महिनाभर त्यांना आडवं झोपता येईना. बसून झोपायच्या, लोडाला टेकून. त्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, “पुढच्या सीझनच्या आधी यांना फ्लूची लस द्या. पुन्हा असं झालं तर निभावेल का, सांगता येत नाही.”

मी ते वाक्य धरून बसलो. आणि बाळासाहेब दुसरं वाक्य धरून बसले, “धडधाकट म्हातारीला सुई कशापायी?” ज्यांना बसून झोपावं लागत होतं, त्यांना हे धडधाकट म्हणणार!

त्यांच्या मोबाइलमध्ये लसीच्या विरुद्ध इतके व्हिडिओ होते की, फोन खिशात ठेवला की खिसा फाटायचा. माझ्याकडे लसीच्या बाजूने त्याच्या दुप्पट होते. कुटुंबाच्या ग्रुपवर आम्ही दोघांनी असा धुमाकूळ घातला की, चुलत सासऱ्यांच्या नातवाचं बारसं कधी झालं ते कुणाला कळलंच नाही. शेवटी मी छाती ठोकून जाहीर केलं, “आत्याबाई, आधी मी घेतो. मला बघा. मी ठणठणीत राहिलो तर तुम्ही घ्यायची. ठरलं?”

आत्याबाई म्हणाल्या, “बगू.”

म्हणजे बघा, मी स्वतःला नमुना म्हणून मांडलं होतं. आणि नमुनाच ऑक्सिजनवर गेला.

हे कसं झालं ते सांगतो. चाकणला एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मेंटेनन्सवाल्याचं दुःख तुम्हाला ठाऊक नसेल. मशीन बिघडायच्या आधी ते थांबवून तेलपाणी करायचं, बेअरिंग बघायचं, याला आम्ही प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतो. आणि प्रॉडक्शनवाले काय म्हणतात? “चालू मशीनला हात लावू नको राव!” बावीस वर्षं हेच ऐकतोय. मशीन चालू आहे तोवर हात लावायचा नाही आणि बंद पडलं की, “मेंटेनन्सवाले काय झोपले होते का?”

सेफ्टी कमिटीत मी भांडून-भांडून फ्लूच्या लसीचा कॅम्प मंजूर करून घेतला. तर तो कॅम्पही प्रॉडक्शनवाल्यांनी मेंटेनन्ससारखाच पुढे ढकलला. आधी महिनाअखेरचा डिस्पॅच आला. मग कस्टमरचं ऑडिट. मग कन्व्हेयर बंद पडला, आणि तो दुरुस्त करायला मीच होतो! शेवटी कॅम्प लागला तेव्हा प्रत्येक लाइनवर दोन-चार जण शिंकतच होते.

कॅम्पच्या दिवशी काय सांगू! सहा टनाचा डाय, म्हणजे प्रेसचा साचा, हसत-हसत फिरवणारी माणसं सुई बघून पळाली. एक जण कॅन्टीनच्या कोठीघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे सापडला. क्रेन ऑपरेटर वर केबिनमध्ये चढला तो उतरेचना. मी खालून ओरडलो, “अरे भावा, खाली ये, मुंगी चावल्यासारखं होतं!”

तो वरून ओरडला, “भाऊ, मी एकदम ओके आहे. चालू मशीनला हात लावू नका!”

डोकं फिरलं माझं. प्रॉडक्शनची बोली आता माणसांच्या अंगात शिरली होती.

मी पहिला नंबर लावून लस घेतली. तो होता गुरुवार. रविवारी मला ताप भरला.

ताप म्हणजे असा की, सुनंदाने कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि ती इस्त्री होऊन बाहेर आली. अंग असं दुखत होतं जसं कुणीतरी मला प्रेसखाली घालून मडगार्डचा आकार दिलाय. खोकला सुरू झाला तेव्हा नाशिक फाट्यावर ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले म्हणतात. मी खोटं कशाला बोलू?

इथे कान उघडे ठेवून ऐका. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणल्या, ताप उतरल्यासारखा वाटला आणि मी कामावर गेलो. पिंपळे गुरव ते चाकण, कंपनीची बंद काचांची एसी बस, मोशीपासून पुढे ट्रॅफिक जाम. शेजारचा माझ्यावर खोकतोय, मी पुढच्यावर. ती बस नव्हती, फ्लूची डिलिव्हरी व्हॅन होती. तुम्ही असं करू नका. ताप आहे तर घरी बसा. कंपनी तुमच्यावाचून बुडत नाही. मी खात्री करून घेतली आहे.

पुढे एका संध्याकाळी घराचा जिना चढताना मधेच बसलो. धाप लागली होती. सुनंदाने करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर शोधून काढलं. बोटाला लावायचा तो चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजतो, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. आकडा नव्वदच्या खाली होता. तिने सरळ रिक्षा बोलावली. आमच्या सुनंदाने भाव न ठरवता रिक्षा बोलावली म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

हॉस्पिटलमध्ये नेझल स्वॅब घेतला. म्हणजे नाकात कापसाची काडी घालून आतला नमुना घेतात. ती काडी इतकी आत गेली की, मला वाटलं, लोणावळ्याच्या बाजूने बाहेर येणार. मग रक्त, मग एक्स-रे, मग बाकावर बसून वाट बघणं. आणि मग मला एचडीयूत नेलं. हाय डिपेंडन्सी युनिट, म्हणजे आयसीयूची धाकटी बहीण. मोठीइतकी कडक नाही, पण डोळा चुकवू देत नाही.

रक्ताच्या तपासणीत आणखी एक पाहुणा सापडला. शुगर! मला, ज्याने आयुष्यात साधी डोकेदुखी मान्य केली नाही, त्याला शुगर. मॅडमनी विचारलं, “कधीपासून आहे?”

“आत्ता तुम्ही सांगितल्यापासून.”

त्या हसल्या नाहीत. “म्हणजे तुम्ही हाय रिस्कमध्ये होता आणि तुम्हाला माहीतच नव्हतं.” हाय रिस्क म्हणजे ज्यांना फ्लू झाला तर तो बिघडण्याची भीती जास्त, अशी माणसं. पासष्टीच्या पुढची, दम्याची, शुगरची, हृदयाची, गरोदर बाया, लहान मुलं.

ऑसेल्टामिव्हिर नावाचं औषध सुरू केलं. हे अँटिव्हायरल आहे, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारं. ते लवकर सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. मी बसमध्ये खोकत बसलो नसतो तर लवकर सुरू झालं असतं.

थोडं बोलता यायला लागल्यावर मी मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नाही, साडूचा. “मॅडम, मला लशीमुळेच फ्लू झाला का?”

“नाही. तुम्ही घेतलेल्या लसीत मेलेला विषाणू असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. तुम्हाला संसर्ग त्याच सुमारास बाहेरून झाला. लस घेतल्यावर शरीराला अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. तुमची तयार झालीच नव्हती.”

“म्हणजे वेळेवर घेतली असती तर झाला नसता!”

“तसं नाही. कदाचित तरीही झाला असता. पण बहुतेक इतका बिघडला नसता.”

“कदाचित, बहुतेक... मॅडम, मला एक सरळ वाक्य द्या. साडूच्या तोंडावर मारायचंय.”

“सरळ वाक्य माझ्याकडे नाही,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मला याचाच राग येतो. कंपनीचे डॉक्टर म्हणतात, सगळ्यांनी घ्या. आमचे गल्लीतले डॉक्टर म्हणाले होते, “तुम्ही ठणठणीत आहात, गरज अशी नाही, घेतली तर हरकत नाही.” आणि या मॅडम म्हणतात, “हाय रिस्कवाल्यांनी नक्की घ्यावी. बाकीच्यांनी घेतली तर त्यांचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फायदा. सक्ती कुणावर नाही.” तीन डॉक्टर, तीन उत्तरं आणि तिघंही बरोबर! इकडे बाळासाहेबांचं उत्तर मात्र एकच, सरळ, ठाम आणि चूक. लोक कुणाचं ऐकणार, सांगा.

आणि ‘फक्त धोका असलेल्यांनी घ्यावी’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, धोका आहे हे कळणार कसं? मी कॅम्पच्या रांगेत उभा होतो तेव्हा माझ्या कपाळावर ‘शुगर’ असं लिहिलेलं होतं का? क्रेनवर चढून बसलेल्याच्या कपाळावर आहे का?

साध्या वॉर्डमध्ये हलवल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. नारळपाणी इतकं आलं की, खिडकी उघडली तर कोकण दिसावं. येणारा प्रत्येक जण बसायचा, मास्क हनुवटीवर ओढायचा आणि म्हणायचा, “लस घेतली होती ना तुम्ही? बघा, म्हणून आम्ही घेतली नाही.” कंपनीतही तेच. कळलं की, क्रेन ऑपरेटर कॅन्टीनमध्ये माझं नाव घेऊन भाषणं देतोय. ज्या कॅम्पसाठी मी जिवाचं रान केलं, त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून मीच फिरवला जात होतो. आणि मी उलट बोलायला गेलो की खोकला यायचा. विरोधकांना इतका सोयीचा आजार दुसरा नाही.

बाळासाहेब पुन्हा भेटायला आले नाहीत. फोन करायचे. “कसं हाय पाव्हणं? घेतली लस आन् बसला ना नळ्या लावून?” एवढं बोलून ठेवून द्यायचे. मी आत्याबाईंचं विचारायला तोंड उघडेपर्यंत फोन बंद. सुनंदाने बहिणीला विचारावं तर ती म्हणायची, “आमच्या घरात तो विषयच काढायचा न्हाई, असं सांगितलंय यांनी.”

आता मला खरी भीती वाटायला लागली. सीझन ऐन भरात. बाळासाहेबांकडे भाडेकरूंच्या खोल्या, खोल्यांमध्ये कंपन्यांची पोरं, पोरं सगळी खोकणारी. मधे एक भिंत आणि पलीकडे आत्याबाई. मी तगडा असून मला ऑक्सिजन लागला, मग त्यांचं काय होणार? पडल्या-पडल्या मला एकच चित्र दिसायचं, त्या लोडाला टेकून बसल्यात आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. आणि त्यांना हे माझ्यामुळे होणार होतं. ‘मला बघा’ असं मीच म्हणालो होतो ना.

घरी सोडलं तेव्हा वाटलं, संपलं. काही संपलं नव्हतं. संडासातून पलंगापर्यंत येताना सिंहगड चढल्यासारखी धाप लागायची. हे बरेच दिवस राहतं, घाबरू नका. स्पायरोमीटर म्हणून तीन गोळ्यांचं खेळण्यासारखं यंत्र देतात, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. फुप्फुसांचा व्यायाम असतो तो. कंटाळा येतो, तरी करा. शुगर तपासत राहा. आणि पुन्हा सांगतो, ताप दोन-तीन दिवसांत हटला नाही किंवा चालताना दम लागला, तर मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला दाखवा.

आभार मानायचे तर सिस्टरांचे आधी, माझी बडबड आणि माझा खोकला दोन्ही सोसल्याबद्दल. मॅडमचे, खोटं सरळ वाक्य न दिल्याबद्दल. आज ते पटतं. सुनंदाचे कसे मानायचे ते मला जमत नाही, म्हणून मी भांडी घासतो.

मॅडमनी आता कुणाला संसर्गाची भीती नाही असं सांगितल्यावर पहिल्या रविवारी मी माण गाठलं. मनात ठरवलं होतं, आज आत्याबाईंना उचलून डॉक्टरकडे न्यायचं. बाळासाहेब आडवे आले तर त्यांना ओलांडून.

आत्याबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. बाळासाहेब खुर्चीत, फोनमध्ये डोकं घालून. मी पाणीसुद्धा न पिता सुरू केलं. अँटीबॉडी सांगितल्या, दोन आठवडे सांगितले, मेलेला विषाणू सांगितला. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स सांगितलं, बेअरिंग, ग्रीस, सगळं. “आत्याबाई, माझ्याकडे बघून ठरवू नका, मी नमुनाच चुकीचा होतो! मी उशिरा घेतली!” मधेच खोकला आला, तोही मी आवाज चढवून खोकलो. माझं बोलणं ऐकून भाडेकरूंची पोरं गॅलरीत आली. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुंदर ट्रेनिंग मी कुणाला दिलं नव्हतं.

बाळासाहेबांनी फोनमधून डोकं वर काढलं नाही. मला वाटलं, चीत झाले.

आत्याबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. “म्या घेतली की.”

“काय घेतली?”

“लस. तुमी दवाखान्यात व्हता तवाच. ह्ये बाळासायेब तुमाला बगून आले, त्येच सांजंला मला गाडीवर बसवून घिऊन गेले. सोताबी टोचून घेतली, थोरलीलाबी दिली. डबासुदिक हातातच व्हता. मी म्हनलं, आवं, त्यो डबा तरी ठेवा खाली. तर ऐकंनात.”

मी बाळासाहेबांकडे बघितलं. ते उठले. “बोअरची मोटर बगून येतो,” म्हणाले आणि चपला उलट्या-सुलट्या घालून निघून गेले. बोअरची मोटर दुसऱ्या बाजूला आहे.

माझ्यातली हवाच निघून गेली. महिनाभर मी त्या पलंगावर जीव मुठीत धरून पडलो होतो. माझ्यासाठी कमी, या बाईसाठी जास्त. आणि तो माणूस रोज फोनवर मला लशीवरून टोमणे मारत होता!

“अहो आत्याबाई,” मी जवळजवळ ओरडलोच, “मग मला सांगितलं का नाही कुणी?”

त्यांनी पुढची पाकळी उचलली.

“तुमी इचारलं कुठं? तुमी दोगं बोलत व्हता.”